शून्याच्या खाली

बालकेंद्रात आता मुलांना "भीती वाटते का?" असं कुणी विचारत नसे. मनगटावर भयमापी पट्टा असायचा, तो सांगायचा. शून्य म्हणजे निर्धास्त, शंभर म्हणजे जिवाचा थरकाप.

हर्षला गेडाम वर्षभरापूर्वी समाजकार्यात एमएसडब्ल्यू होऊन इथे रुजू झाली होती. मूल घरी पाठवायचं की नाही, यावर सही करायचा अधिकार तिला त्या पदवीनेच मिळाला होता. आई अजून कुरकुरायची, दोन वर्षं लोकांची रडगाणी ऐकायला शिकलीस, त्यापेक्षा बी.एड. केलं असतंस! हर्षला हसण्यावारी न्यायची. खरं सांगायचं तर तिला त्या सहीचा थोडा तोराच होता.

आज समोर आठ वर्षांची मृणाल बसली होती. आईबाप अपघातात गेलेले. काका विलासने तिला महिनाभर चाचणीसाठी घरी नेलं होतं, आता तो कायमचा ताबा मागत होता. पट्टा त्या घरातल्या पहिल्या दिवसापासून तिच्या हातावर होता. नियमाप्रमाणे काका शेजारी असताना आकडा घ्यायचा. आला दोन. झालं काम! चार वाजता दोघं वरोऱ्याच्या बसने जाणार होती.

पण पोरगी जरा जास्तच शहाण्यासारखी बसली होती. पाणी प्यायच्या आधीही तिने काकाकडे पाहिलं. कॉलेजात असताना क्षेत्रकार्याच्या वहीत हर्षलाने एकदा "मूल शांत होतं" असं लिहिलं होतं. शिकवणाऱ्या उराडे मॅडमनी ते खोडलं आणि सुनावलं, तुला काय वाटलं ते नको, काय दिसलं ते लिही. दोन वर्षं हीच घोकंपट्टी चालली होती. हर्षलाने कागदांच्या झेरॉक्सचं निमित्त काढून काकाला बाहेर पाठवलं.

दार लागलं तसा पडद्यावरचा आकडा घसरला. एक, शून्य, मग उणे एक्केचाळीस.

यंत्र बिघडलं, असंच तिला आधी वाटलं. मग पट्ट्याची माहितीपुस्तिका आठवली. पट्टा पहिले पंधरा दिवस माणसाची रोजची धडधड, रोजचा घाम शिकतो आणि त्यालाच शून्य धरतो. मृणालचे ते पंधरा दिवस काकाच्या घरात गेले होते. तिथली भीतीच तिचं शून्य झाली होती.

हर्षला तिच्याजवळ खाली बसली. "घरी रोज काय होतं गं?"

मृणालने दाराकडे पाहिलं. "मला इथेच ठेवणार असाल तर सांगते, ताई. नाहीतर नका विचारू."

हर्षलाने सही केली नाही. विलासने आकड्यावर बोट ठेवून तमाशा केला, वरिष्ठांनीही फोनवर झापलं. तिने एवढंच लिहून दिलं, की काका बाहेर गेल्यावर मुलीने पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. बस मृणालला न घेता गेली.

हर्षलाला हायसं वाटायला हवं होतं. उलट तिने जुन्या फायलींचा गठ्ठा पुढे ओढला. वर्षभरात तिने एकोणतीस मुलं अशीच घरी धाडली होती. सगळ्यांचे आकडे पाचच्या आत, सगळ्यांचे पट्टे घरीच शिकलेले, अजून हातावरच असलेले. त्यातली खरोखर निर्धास्त किती, आणि नुसती सरावलेली किती? आपणच सही केली, आपणच, असं ती स्वतःशी पुटपुटत राहिली. मग तिने पहिली फाईल उघडून नंबर लावला.

फोन मुलाच्या बापाने उचलला.

"सगळं छान आहे मॅडम," तो म्हणाला. "पोरगा इथे माझ्या शेजारीच बसलाय. आकडा सांगू का?"