सेल्छूचं सर्वांत बारीक पाणी

सेल्छू नदी वर्षभरात सर्वांत बारीक होते ती जानेवारीच्या शेवटच्या आठ दिवसांत. त्याच आठ दिवसांत तिच्या वरच्या घळीत शिरून पाणी मोजायचं, एवढ्यासाठी आम्ही तिघं निघालो होतो.

घळीत बांध घालून वीज करायची, हा आराखडा निदुपने नऊ वर्षं खपून केलेला. पण आमच्या देशाचं जलधोरण सरळ आहे. पाण्यावर पहिला हक्क पिणाऱ्याचा, मग शेताचा, मग खुद्द नदीचा. वीज उरलेल्या पाण्यावर. कागदावर सेकंदाला तीन हजार लिटर धरले होते, तेही अंदाजाने. फेब्रुवारीत राजधानीत, थिम्फूला, निर्णयाची बैठक होती. म्हणून जलमापन खात्यातली मी, ल्हादेन, आराखड्याचा धनी निदुप, आणि वाटाडे आप ग्येम्बो. आप म्हणजे वडीलधाऱ्याला लावायचा मान; हे साठीचे, याक राखण्यात हयात गेलेले.

तिसऱ्या दिवशी वाट संपली. लाकडी पूल पुरात कधीच वाहून गेला होता. पलीकडे जायला उरले होते ते बर्फाने जोडलेले दगड, आणि खाली हिरवंकाळं, धावतं पाणी. आप काठीने ठोकत पुढे गेले. मागून मी. शेवटी निदुप, पाठीवर प्रवाहमापकाची जड पेटी घेऊन.

काड्!

मी वळले तेव्हा निदुप छातीपर्यंत पाण्यात होता!

“पेटी सोड!” आप ओरडले.

“नाही! तिच्याशिवाय मोजणार कसं?”

“अरे, तू तरी मोजायला उरशील का? सोड म्हणतो ना!”

त्याने पट्टे सोडले. पेटी एकदा उसळली आणि दिसेनाशी झाली. आपनी दोर फेकला. निदुपने तो पकडला, मी दुसरं टोक माझ्या कमरेला गुंडाळलं. दोघांनी जीव खाऊन ओढलं. ओठ निळे पडलेला निदुप काठावर उपडा पडला आणि खोकू लागला.

“काय दाशो,” आप म्हणाले, “नदी मोजायची होती, प्यायची नव्हती!”

दाशो म्हणजे सरकारातले बडे मानकरी. त्या अवस्थेतही निदुप हसला.

वरच्या कुरणात आपची दगडी झोपडी होती. हिवाळ्यात याक खाली नेल्यामुळे ती रिकामी होती. चूल पेटली, लोणी घातलेला चहा झाला, निदुपच्या अंगात धग आली. पण तो चुलीकडेच बघत राहिला. मोजमाप बुडालं, म्हणजे वर्ष बुडालं.

माझी नजर कोपऱ्यातल्या चामडी पोत्यावर गेली.

“आप, त्यात काय?”

“मीठ. वसंतात याक वर आले की त्यांना चाटायला.”

मी ताडकन उठले! पाण्याचा खारटपणा मोजायचं छोटं यंत्र माझ्या खिशातच होतं. वर किती मीठ ओतलं आणि खाली पाणी किती खारट झालं, हे कळलं की मधून किती पाणी वाहतंय ते हिशेबाने सापडतं.

आपचा चेहरा पडला. “मिठाचं नाही गं. पण नदीत राहणारी देवी रागावली तर?”

“आप, तिच्याच भल्यासाठी मोजतोय.”

सकाळी त्यांनी काठावर धुपीच्या सुगंधी फांद्या जाळल्या, पुटपुटत क्षमा मागितली आणि लोणी तोलायच्या काट्यावर स्वतः मीठ तोलून दिलं.

निदुपने वर मीठ कालवून ओतलं. मी दीडशे पावलं खाली यंत्र पाण्यात धरून बसले. आकडा चढला, थबकला, उतरला. बोटं आधी दुखली, मग कळेनाशी झाली. हिशेब केला: सेकंदाला आठशे चाळीस लिटर! पुन्हा ओतलं. आठशे पंचावन्न! तिसऱ्यांदा आकडा चढतो न चढतो, तोच डोक्यावर गडगडलं.

“हिमकडा!” आप किंचाळले.

“ल्हादेन, पळ!” वरून निदुप ओरडला. “दोन मापं बास झाली!”

मी पळाले. मागे कडा कोसळला आणि मी बसले होते तो दगड पांढऱ्या ढिगाखाली गेला.

झोपडीत निदुपने हिशेब तीनदा तपासला. खालच्या तीन गावांचं पिणं, शेतं, पाणचक्क्या, नदीचा वाटा. हिवाळ्याचे दोन महिने विजेला थेंबही उरत नव्हता.

“आठशे?” आप चिडले. “आमची नदी एवढीशीच?”

“सर्वांत बारीक असताना एवढी, आप,” निदुप हळूच म्हणाला. “तीन गावं जगवते ती.” मग त्याने नकाशावरच्या बांधावर काट मारली. रेघ सरळ आली.

थिम्फूच्या बैठकीत तो स्वतःच उभा राहिला.

“नऊ वर्षांचं काम दोन मापांवर सोडता?” अध्यक्षांनी विचारलं.

“नऊ वर्षं मी कागद बघत होतो, ला,” आदराचा ‘ला’ लावून तो म्हणाला. “ हे पाणी आहे. खाली दुसरा ओढा मिळतो, तिथे बांधाशिवाय छोटं वीजघर होईल असं वाटतं. घळ मोकळी राहू द्या.”

निदुपशेजारी बसल्याचा मला इतका अभिमान वाटला, की गारठ्याने सोललेली माझी बोटंही मला मिरवावीशी वाटली!

“मग त्या खालच्या जागेचा आराखडा कोण करणार?” अध्यक्ष म्हणाले.

“मीच, ला,” निदुप म्हणाला. “पण पुढच्या जानेवारीत. मोजून आल्यावर.”