पाण्याचा मांडव

हसूराम भगत कार्यशाळेला निघाले ते काही पृथ्वीची काळजी लागून राहिली होती म्हणून नव्हे. त्यांना तिथून एकच गोष्ट मिळवायची होती, ती म्हणजे चिखलयंत्र. खाडीच्या तळातला गाळ उपसून बांधावर थापणारं हे नवं यंत्र यंदाच्या उन्हाळ्यात एकाच काठाला मिळणार होतं, आणि कोणत्या काठाला ते कार्यशाळेत ठरणार होतं. डावरपाड्याला, म्हणजे हसूरामांच्या गावाला, मिळालं तर डावरपाड्याचा बांध उंच होणार. बांध उंच झाला की बांधाला लागून असलेलं हसूरामांचं जिताड्या माशांचं तळं उधाणापासून वाचणार. आणि या सगळ्याच्या बदल्यात जाणार काय, तर एक दिवस आणि एक जिताडा.

जिताडा कशाला, असं खारेपाटात, खाडीकाठच्या या खारवट पट्ट्यात, कुणी विचारत नाही. काम अडलं की साहेबाच्या दारात जिताडा पोचवायचा, ही तिथली जुनी रीत. हसूरामांनी तळ्यातला सगळ्यात मोठा मासा टपात घालून जिवंतच आणला आणि खाडीच्या टोकाशी असलेल्या शाळेच्या पायरीवर टप ठेवून साहेब कुठे आहेत, असं विचारलं.

साहेब समोरच होते. कार्यशाळा घेणारा तो एक यंत्रमानव होता. दोन झाकणांचा, खाली छोटी चाकं असलेला. मुलांनी त्याचं नाव शिंपला ठेवलं होतं. त्याने वाकून टपात पाहिलं, माशाची तब्येत उत्तम असल्याचं सांगितलं आणि मग अदबीने विचारलं, "यांचंही नाव नोंदवायचं का?"

सातवीतली चार्वी ठाकूर खुदकन हसली. ती हसूरामांच्या लेकीची मुलगी. राहायची मात्र पलीकडच्या काठावर, बेलखारला, बाबांच्या आईजवळ, कमळीबाईंजवळ. त्याही पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या. त्यांनाही यंत्र हवंच होतं. बेलखारचा बांध काही फार उंच नव्हता.

"व्याही, पाहुणचार साहेबाला चालला नाही वाटतं," त्या म्हणाल्या.

"विहीणबाई, दिवस अजून मावळलेला नाही," हसूराम म्हणाले आणि नेमके त्यांच्या शेजारीच बसले. समोरच्याच्या हालचालींवर नजर ठेवायची तर जवळ बसावं लागतं.

शिंपल्याने सुरुवातीलाच एक कोडं घातलं. खाडीला मिळणारी नदी वाढलेली नाही. बांध पणजोबांच्या वेळेइतकाच उंच आहे, दोन्ही गावांची गावकी दरवर्षी चिखल लिंपून तो राखते. तरी हल्ली मोठ्या उधाणाचं पाणी बांधावरून आत येतं. हे जास्तीचं पाणी आलं कुठून?

डावरपाड्याच्या मंडळींनी लगेच सांगितलं की बेलखारवाले त्यांची उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, वेळेवर उघडत नाहीत. बेलखारवाल्यांचंही उत्तर तयार होतं, फक्त गावाचं नाव वेगळं होतं. शिंपल्याने दोघांचं नीट ऐकून घेतलं. मग तो म्हणाला की उत्तर तो सांगणार नाही, कारण ते आज एकट्या कुणाकडेच नाही. ते सगळ्यांमध्ये वाटून दिलेलं आहे.

त्याने प्रत्येकाच्या हातात नारळाएवढा एक पारदर्शक गोळा दिला. ज्याचा गोळा, त्यालाच आतलं दिसणार. त्याने ते इतरांना सांगायचं, आपल्या आधी कोण आणि आपल्यानंतर कोण हे शोधायचं आणि गोळे तसे जमिनीवर मांडायचे. जोडी बरोबर जमली तर दोन गोळ्यांमध्ये उजेडाचा दोरा ताणला जाईल आणि आतलं सगळ्यांना दिसेल. कार्यशाळा म्हणजे एवढंच होतं. भाषण नाही, फळा नाही.

कमळीबाईंच्या गोळ्यात धूर होता, कारखान्यांचा, गाड्यांचा, जळणाऱ्या कोळशाचा. चार्वीच्या गोळ्यात पृथ्वी होती आणि तिच्याभोवती गोधडीसारखं काहीतरी. ते हरितगृह वायू होते (पृथ्वीवरून परत निघालेली उष्णता अडवून धरणारे वायू). आजीने धूर नातीच्या पृथ्वीशेजारी ठेवला. दोरा उजळला. धुरातला वायू त्या गोधडीत जाऊन बसला आणि गोधडी जाड झाली. पुढचा गोळा उष्णतेचा होता, तोही जुळला. मग मात्र साखळी अडली. उष्णता जाते कुठे? तो गोळा कुणाकडे दिसेना.

तो हसूरामांकडे होता. त्यांना समुद्र मिळाला होता आणि त्यांनी तो मांडीवर घेऊन वरून पंचा टाकला होता. त्यांचा हिशेब सरळ होता. ज्याच्या हातात समुद्र, त्याला विचारल्याशिवाय खेळ पुढे जात नाही. आधी यंत्राचा शब्द द्या, मग समुद्र घ्या. आयुष्यभर त्यांनी हवं ते असंच पटकावलं होतं, हातातलं पान शेवटपर्यंत झाकून.

तेवढ्यात जमिनीवरची पृथ्वी लाल होऊ लागली. उष्णतेला जायला जागा नव्हती. आधी वाळवंटं तापली, मग जंगलं, मग सगळाच भूभाग निखाऱ्यासारखा दिसू लागला. शाळेतली पोरं मागे सरकली. शिंपला शांतपणे म्हणाला, "समुद्र नसता, तर असं झालं असतं."

आणि हसूरामांच्या मांडीवर काहीतरी हललं. पंचा वर उचलला जात होता. गोळा कोमट झाला होता आणि फुगत होता. त्यांनी हाताने दाबून पाहिलं, कोपराने झाकून पाहिलं. समुद्र काही केल्या मांडीत मावेना.

"आजोबा," चार्वी म्हणाली, "तुमच्याकडे काय आहे ते आम्हाला कळलंय."

हसूरामांनी समुद्र जमिनीवर ठेवला.

दोरे एकदम सगळीकडून धावले. वर्गाचं छप्पर नाहीसं झालं, निदान तसं वाटलं, आणि अंधारात पृथ्वी तरंगू लागली, इतकी जवळ की हात लावावा. लाली भूभागावरून उतरली आणि पाण्यात शिरली. खाली, आणखी खाली, जिथे सूर्य कधी पोचला नाही त्या काळोखात ती मंद ठिणग्यांसारखी झिरपत राहिली. अडकलेल्या जास्तीच्या उष्णतेचे दहातले नऊ भाग समुद्राने एकट्याने गिळले, आवाज न करता. रोज ज्याच्या काठावर जाळी वाळत घालतो, त्याच्या पोटात हे चाललंय, हे वर्गातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. कमळीबाईंनी नकळत हात जोडले. हसूरामसुद्धा हिशेब विसरले. थोडाच वेळ, पण विसरले.

पहिला प्रश्न चार्वीने विचारला. गोळ्यात तर कुणी पाणी ओतलं नाही, मग तो फुगला कसा?

शिंपल्याने तिलाच विचारलं की तिच्या मावशीच्या हळदीला मांडवात किती माणसं मावली होती. सगळं गाव मावलं होतं, चार्वी म्हणाली. बसली होती तोवर. मग बँजो सुरू झाला, लोक नाचायला लागले आणि मांडवाच्या कडेचे लोक ढकलले जाऊन रस्त्यावर आले.

"माणसं वाढली होती का?"

"नाही. तीच होती. नाचायला जागा जास्त लागते."

पाण्याचंही तसंच, शिंपला म्हणाला. पाणी रेणूंचं बनलेलं असतं (रेणू म्हणजे पाण्याचा सगळ्यात लहान कण, जो अजूनही पाणीच असतो). गार पाण्यात रेणू कमी नाचतात. उष्णता म्हणजे त्यांचा बँजो. तापले की जोरात नाचतात आणि एकमेकांना ढकलून जास्त जागा घेतात. याला औष्णिक प्रसरण म्हणतात (तापल्यामुळे फुगणं). बांधावरून येणारं काही पाणी कुठून आलेलंच नाही. ते आपल्या समुद्रातलंच जुनं पाणी आहे, फुगलेलं. उरलेलं जमिनीवरचा बर्फ वितळून आलं आहे. तो गोळा मागच्या रांगेत होता, तोही एव्हाना जुळला होता.

हसूरामांना ते इतक्यात पटणार नव्हतं. तुझा गोळा, तुझी जादू, असं ते म्हणाले. मग शिंपल्याने कमळीबाईंचीच काचेची बाटली मागून घेतली. तिच्यात गार कोकम सरबत काठोकाठ भरलं, बुचातून एक बारीक नळी घालून कडेने कणीक लावली आणि बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली. थोड्या वेळाने नळीत लाल रेघ चढू लागली. सरबत कुणी ओतत नव्हतं. हसूराम डोळे बारीक करून त्या रेघेकडे बघत राहिले.

"सगळ्या जगाचा समुद्र चढला तरी किती?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तुमच्या खापरपणजोबांपासून आजवर? वीतभर. त्याहून थोडा जास्त."

"एवढंच?"

"मोठ्या उधाणाला पाणी आणि बांधाचा माथा यांत अंतर किती असायचं?"

हसूरामांनी स्वतःचीच वीत ताणून पाहिली. गावकीबरोबर चिखल लिंपत त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते अंतर वीतभरच असायचं.

आता यंत्राची गोष्ट. जमिनीवर उजेडाची खाडी उमटली, दोन काठ आणि टोकाला शाळा. हसूरामांनी पुढे होऊन बोटाने डावरपाड्याचा बांध उंच केला. उधाण आलं, बांधाला थडकलं आणि बेलखारच्या बांधाला खांड पाडून आत शिरलं. कमळीबाईंनी लगेच आपलाही बांध उंच केला. पुन्हा उधाण आलं. दोन भिंतींमध्ये कोंडलेलं पाणी अरुंद खाडीतून चढत चढत टोकाला गेलं आणि शाळेत शिरलं. उजेडाचं पाणी बाकांखालून फिरत चार्वीच्या पायांवर चढलं. ती ओली झाली नव्हती. तरी दोन्हीकडची नातवंडं पाय वर घेऊन बसली आणि दोन्हीकडची म्हातारी माणसं त्यांच्याकडे बघत राहिली.

"हळदीला आपण काय केलं होतं?" चार्वी हळूच म्हणाली. "कनात काढली आणि मांडव अंगणापर्यंत वाढवला. पाण्यालाही मांडव मोठा करून द्यायचा."

पण अंगण कुणाचं? उजेडाच्या खाडीने तेही दाखवलं. सगळ्यात सखल जागा दोनच होत्या, बेलखारचं कमळीबाईंचं खारं शेत आणि डावरपाड्याचं हसूरामांचं तळं. तिथे भरती मोकळी येऊ द्यायची, कांदळवन वाढू द्यायचं (खाऱ्या चिखलात उगवणारं जंगल, जे लाटांचा जोर मोडतं आणि गाळ धरून ठेवतं), आणि नवा बांध त्याच्या मागे घालायचा. शिंपल्याने हेही सांगून टाकलं की एवढ्याने भागणार नाही. जगभरातला धूर कमी झाला नाही तर वितीचा हात होईल, आणि मग किती अंगणं द्याल?

कमळीबाई म्हणाल्या, शेत तसंही पिकत नाही, घ्या. सगळे हसूरामांकडे बघू लागले. ते टपातल्या जिताड्याकडे बघत होते.

"याची पिल्लं मी कुठून धरून आणतो माहीत आहे का?" ते म्हणाले. "कांदळवनातून. हल्ली तिथेही मिळत नाहीत." मग पंचा झटकून ते उठले. "तळं घ्या. पण नव्या बांधाचा पहिला चिखल मी लावणार. विहीणबाईंच्या हातचा बांध गळतो."

कमळीबाईंनी, बघू कुणाचा गळतो, एवढंच म्हटलं.

चिखलयंत्र मग दोन्ही काठांनी अर्धा अर्धा उन्हाळा वापरलं. तळ्याच्या चिखलात रोपांच्या काड्या उभ्या राहिल्या, आणि पुढच्या मोठ्या उधाणाचं पाणी तळ्यावर, शेतावर पसरत शाळेच्या पायरीपाशी येऊन थांबलं. इतके दिवस शाळेच्या टाकीत सांभाळलेला जिताडा चार्वीने टपात घेतला आणि त्याच पायरीवरून टप कलंडवला. जिताडा क्षणभर थबकला आणि रोपांकडे निघून गेला.

तेव्हा कुणी किती भरलं ते मांडून टाकू. हसूरामांनी तळं दिलं, कमळीबाईंनी शेत दिलं, दोन्ही गावांनी मिळून चिखल वाहिला. जिताड्याने काहीच दिलं नाही, जीवसुद्धा नाही, आणि साहेबाच्या दारात नेलेल्या माशांपैकी हे जमलेला तो बहुधा पहिलाच. पण ही सगळी रक्कम किरकोळ आहे. दहातले नऊ भाग समुद्राने आपल्या सगळ्यांच्या वतीने आधीच भरून ठेवलेत, कुणाला न विचारता. आता पावती मागायला तो वीतभर वर आला आहे.