घरचं माणूस

नागपूरच्या मार्गदर्शिका मूल्यमापन केंद्रात एक लाख माणसं नैराश्यानं आजारी पडून, औषधं घेऊन, दुपारच्या चहापर्यंत ठणठणीत बरी झाली होती. खरी माणसं एवढी शहाणी कुठली! या होत्या मनप्रतिमा, लोकांच्या आरोग्यनोंदींवरून संगणकानं घडवलेल्या. नैराश्यावरची प्रत्येक नवी उपचार-मार्गदर्शिका आधी त्यांच्यावर चालवायची, वर्षभराचा परिणाम तासाभरात पाहायचा आणि मगच ती दवाखान्यांत पाठवायची, असा नियम होता.

एका प्रतिमेनं मात्र आत्महत्या केली होती.

"लाखात एक!" मार्गदर्शिका लिहिणारे डॉ. बोकारे म्हणाले. "सही करा मॅडम. उद्यापासून राज्यभर लागू करायचीय."

केंद्रप्रमुख डॉ. सुलभा खोब्रागडे चिवट बाई. "पुन्हा चालवा," त्या म्हणाल्या.

पुन्हा तीच प्रतिमा मेली. तिसऱ्यांदाही तीच.

"योगायोग असता तर दर वेळी दुसरं कुणी मेलं असतं." सुलभाताईंनी पडद्यावरच्या प्रतिमेवर बोट ठेवलं. "चूक मार्गदर्शिकेत आहे, बोकारे. आणि ही प्रतिमा ज्याची आहे, तो माणूस बाहेर कुठंतरी जिवंत आहे. गोळ्या कुणाच्या ताब्यात देता तुम्ही?"

"घरच्या माणसाच्या. रोजची विचारपूसही फोनवर त्यालाच. रुग्ण खरं सांगत नाही, मॅडम. आणि आपल्याकडे रुग्णासोबत कुणीतरी असतंच."

"इथं त्या घरच्या माणसानं काय कळवलं?"

बोकारेंनी पडद्यावर पाहिलं. "रोज एकच. बरे आहेत. शेवटच्या दिवशीसुद्धा."

"म्हणजे एक तर ते माणूस खोटं बोलतंय, नाहीतर घरात माणूसच नाही आणि सगळ्या गोळ्या रुग्णाच्याच हाती आहेत."

नाव उघडायला कायद्यानं बंदी होती. पण नोंदीतल्या घरच्या माणसाच्या खऱ्या क्रमांकावर चाचणीचा प्रश्न पाठवता येत होता. सुलभाताईंनी तो पाठवला: आज तुमचं माणूस कसं आहे?

खोलीतच फोन वाजला. बोकारेंचा फोन टेबलावर गप्प पडला होता; आवाज त्यांच्या बॅगेतून आला. त्यांनी जुना, केशरी कव्हरचा फोन काढला, वाचलं आणि फारसा विचार न करता उत्तर दिलं. सुलभाताईंच्या पडद्यावर अक्षरं उमटली: बरे आहेत.

तो फोन सुलभाताईंनी ओळखला. बोकारेंच्या बायकोचा, मालतीवहिनींचा. वहिनींना जाऊन दोन वर्षं झाली होती.

बोकारेंनी मान वर केली. सुलभाताईंचा चेहरा पाहिला, मग पडदा, मग हातातला फोन.

"माझ्या नोंदीतून घरचं माणूस म्हणून तिचं नाव काढायला हात धजला नाही," ते पुटपुटले. "फोन चार्ज करून ठेवतो. कुणी विचारलं तर तिच्या वतीनं कळवतो."

सुलभाताईंना रडू येत होतं. त्यांनी मार्गदर्शिका नामंजूर केली. "तुमच्या गोळ्या कुठं आहेत?"

बोकारेंनी टेबलाचा खण उघडला. आत न फोडलेल्या पाकिटांचा ढीग होता. सुलभाताईंनी सगळी पाकिटं आपल्या पिशवीत भरली.

"नोंदीत आता माझा क्रमांक घाला. पण मी फोनवर विचारणार नाही, समोर बसून विचारीन." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "आज कसे आहात?"

सवयीनं 'बरा' म्हणायला बोकारेंनी तोंड उघडलं, आणि ते थांबले.

"बरा नाही," ते म्हणाले.