निरखूने खोडालाच सुतार म्हटलं

"सुतार पक्षी. खात्री अठ्ठ्याण्णव टक्के," निरखू म्हणाला आणि केतकीचा चेहरा पडला.

निरखू हा मेळघाटातल्या पक्षीकेंद्राचा यंत्रमानव. डोळ्यांच्या जागी दोन कॅमेरे आणि स्वभावाने जरा शिष्ट. फोटो बघून पक्ष्याचं नाव सांगणं हे त्याचं काम. केतकीने सकाळी काढलेल्या फोटोत एक तपकिरी पक्षी वठलेल्या सागाच्या ढोलीत डोकं खुपसून बसला होता. दिसत होती ती फक्त पाठ, शेपूट आणि नख्या. तिच्या मते तो वनपिंगळा होता, दिवसाही शिकार करणारं दुर्मीळ घुबड.

त्या सागावरूनच तारेवरून धावणाऱ्या हवाई बसचा नवा मार्ग जाणार होता. शिकारी पक्ष्याचं घरटं असेल तर मार्ग वळवायचा, असा नियम होता. सुतार असेल तर झाड पाडायचं, कारण सुतार दुसरीकडे नवी ढोली कोरू शकतो. करवत दुपारी येणार होती, आणि केतकीने ढोलीतून पिल्लांची चिवचिव ऐकली होती.

"तुला सुतार का वाटत नाही?" वैजयंतीआजीने विचारलं. निरखू तिनेच घडवला होता.

"शेपटीवरून. सुतार खोडावर बसला, की शेपूट टेकवून बसतो, तिसरा पाय असल्यासारखा. याची शेपूट बघ, हवेतच आहे."

आजीने चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला. "बरोबर आहे गं तुझं. मग या शहाण्याला का दिसत नाही?"

केतकी तरातरा अंगणात गेली, तिथल्या झाडाच्या नुसत्या खोडाचा फोटो काढला आणि निरखूसमोर धरला.

"सुतार पक्षी. सत्त्याण्णव टक्के."

"पक्षी कुठे आहे पण?"

"फोटोत."

"फोटोत नुसतं खोड आहे, निरखू."

केतकीने मोकळ्या आभाळाचा फोटो दाखवला. निरखूने पडेल आवाजात सांगितलं, "शिकारी पक्षी."

आजी खो खो हसत सुटली. "सापडलं! अगं, यंत्राला कुणी व्याख्या शिकवत नाही. हजारो फोटो नावांसकट दाखवायचे, सारखेपणा त्याचा तो शोधतो. पण आपले हौशी फोटोग्राफर घारी-गरुड टिपतात आभाळात आणि सुतार टिपतात खोडावर. मग यानेही पक्षी सोडून पार्श्वभूमीच, म्हणजे पक्ष्यामागे दिसणारं सगळं, पाठ केली."

"म्हणजे न वाचता पुस्तकाच्या कव्हरवरून उत्तरं देत होता," केतकी म्हणाली. निरखूने कॅमेरे खाली वळवले. त्याला वाईट वाटलं असावं.

मग दोघींनी संगणकाला कामाला लावलं. जुन्या फोटोंतले पक्षी अलगद कापून त्यांच्या जागा बदलल्या. सुतार आभाळात गेले, गरुड खोडावर आले, एक शिक्रा तर केतकीने आजीच्या स्कूटरवर बसवला. हे नवे फोटो निरखूला पुन्हा शिकायला दिले. आता मागच्या देखाव्यावरून काहीच ओळखता येत नव्हतं. पक्षी बघण्यावाचून निरखूला गत्यंतर उरलं नाही.

तेवढ्यात हवाई बसचे इंजिनिअर ढोकेसाहेब दारात आले. बाहेर करवतीची गाडी उभी होती. केतकीने सकाळचा फोटो पुन्हा निरखूसमोर धरला.

निरखूने या वेळी वेळ घेतला. "शेपूट टेकलेली नाही. पाठ साधी, ठिपके जवळजवळ नाहीतच. नख्या शिकाऱ्याच्या. वनपिंगळा. एक्क्याऐंशी टक्के."

"खात्री कमी झाली की," ढोकेसाहेब म्हणाले.

"मघाशी तो न बघताच ठामपणे बोलत होता," केतकीने सांगितलं, "आता बघून बोलतोय. चला, तुम्हीही बघा."

निरखूसकट सगळे सागाखाली पोचले. फांदीवर वनपिंगळा चोचीत सरडा धरून बसला होता. तो ढोलीकडे झेपावला, तशी आतून पिसं विस्कटलेली दोन गोल तोंडं बाहेर आली. ढोकेसाहेब बघतच राहिले, मग त्यांनी फोन काढून करवतीची गाडी परत पाठवली. "मार्ग वळवतो. पिल्लं मोठी होऊ देत." केतकीने आनंदाने आजीला मिठीच मारली.

"बाकीच्या केंद्रांतल्या यंत्रांनाही उद्या नुसत्या खोडाचा फोटो पाठवूया," आजी म्हणाली. "बघूया, किती जण सुतार म्हणतात."

वरून कुठूनतरी टकटक ऐकू आली.

"निरखू, कोण आहे रे?" केतकीने विचारलं.

"थांब," निरखू मान उंचावत म्हणाला, "आधी मला नीट बघू दे."