डोंगर तेवढा राहिला

बाबांच्या खोलीतलं सामान आवरायला गेले होते, एवढंच. बाबांमागे आई एकटीच, धड जेवतही नव्हती. आवरून तिला माझ्याकडे न्यायचं ठरवलं होतं. पण ती खुर्चीतून उठेना. समोर बाबांचं शेवटचं निसर्गचित्र, जलरंगातलं. नदी, झाडं, आभाळ झालेलं. पलीकडचा डोंगर तेवढा कोरा.

बाबांचं एक पालुपद होतं : "कागद ओला आहे तोवरच धुकं उतरतं. वाळला की संपलं." मला ते धुकं कधी जमलं नाही. माझे डोंगर कापून चिकटवल्यासारखे. "तुझ्या चित्रात जीव गुदमरतो गं," म्हणायचे आणि स्वतःच हसत सुटायचे.

मी कागदाला सहज बोट लावलं. ओला होता. बाबांना जाऊन तर वर्ष होत आलेलं.

"आई, तू पाणी मारतेस याच्यावर?"

"मी कशाला हात लावू त्यांच्या कामाला?"

म्हातारपणी माणूस काहीही करतं, असं पुटपुटत मी तिला बाहेर आणून खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्यापाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं. आत ओल्या कागदाचा वास कोंडला होता. चित्राच्या खालच्या कडेला एक थेंब जमत होता...

"अडकलेत गं ते," आई हळूच म्हणाली. "डोंगर राहिलाय ना... तू कर. मग येते मी तुझ्याबरोबर."

मी बाबांची रंगपेटी उघडली. निळ्यात किंचित तांबडा मिसळून कुंचला टेकवला, आणि रंग आपणहून पसरला. डोंगर मागे मागे गेला. मध्ये हवा आली. आभाळातला पिवळा उजेड धुक्यात झिरपला. मनगट कुणी धरलं नव्हतं. सावरलं मात्र होतं. मला रडूच फुटलं. कुंचला उचलला तेव्हा कागद खडखडीत वाळला होता.

आई शब्दाला जागली. माझ्या घरी आली, पोटभर जेवली. मलाही हायसं वाटलं. संध्याकाळी मी खिडकीशी तिच्याजवळ जाऊन बसले. समोर माझ्या चित्र काढायच्या फळीवर नवा कोरा कागद ताणलेला होता. त्याच्याकडे बघत आई गालातल्या गालात हसत होती.

"काय गं आई?"

"जरा बाजूला सरक," ती कुजबुजली. "त्यांच्या उजेडात येतेयस..."