दिवा तिरका धरा

"दिवा तिरका धरा, वहिनी. आणि मी खाली उतरेपर्यंत बोलू नका."

हे शब्द माझ्या धाकट्या दिरांचे. अजून कानात आहेत.

मी रोज देवापुढे बसणारी बाई आहे. खोटं लिहून मला काय मिळणार? ज्यांना पटणार नाही, त्यांनी सोडून द्यावं. पण हे घडलंय. आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, एका बैठकीच्या खोलीत. पहिली खूण दिसली ती सोमवारी. चांगल्या लख्ख उजेडात.

आमचे हे सुतार. लोकांच्या खोल्यांच्या भिंती लाकडी फळ्यांनी मढवतात. भाऊजी छतं रंगवायचे. एक भाऊ भिंती घ्यायचा, दुसरा आभाळ.

हे उजवे, भाऊजी डावखुरे. ह्यांना टर्पेंटाइनचा वास सहन होत नाही. भाऊजींच्या अंगालाच तो वास होता.

"दादा, तुझ्या भुशाने माझे ढग मळतात."

"मळू देत की. पावसाचे वाटतील."

दिवसभर दोघांचं असंच चालायचं.

ती खोली बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंची. भिंतींना गडद लाकूड, वर पहाटेचं आभाळ, अशी त्यांची हौस. भाऊजींनी सगळं छत रंगवलं. खिडकीवरचा एक कोपरा मात्र मुद्दाम मागे ठेवला.

"सरळ उजेडात छत खोटं बोलतं, वहिनी. तिरका उजेड पडला की ब्रशचा एकेक फटकारा दिसतो. तो कोपरा तसाच बघून करायचाय."

बॅटरीचा पांढरा उजेड त्यांना नको होता. माझा कंदील हवा होता. मी रोज संध्याकाळी देवापुढे तो लावते आणि जप संपेपर्यंत एक शब्द बोलत नाही. हा माझा नेम.

"आपल्या घरात गप्प राहू शकणारं माणूस एकच आहे," भाऊजी म्हणाले. "दादाला उभा केला तर तो खालून मलाच रंगवायला शिकवेल."

मी म्हटलं, "येईन. शब्द दिला."

"मग तुम्ही आल्याशिवाय त्या कोपऱ्याला मी हात लावणार नाही. आणि कोणाला लावूही देणार नाही."

हसतच म्हणाले होते...

त्याच आठवड्यात त्यांना ताप आला. दवाखान्यातून ते घरी परतले नाहीत.

मी रडले नाही. हेही रडले नाहीत. स्वयंपाक व्हायचा, जेवणं व्हायची, भांडी घासून पालथी पडायची. हे सकाळी हत्यारांची पिशवी उचलून जायचे. घर कोणीतरी कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं झालं होतं.

कोपऱ्यासाठी ह्यांनी एक नवा रंगारी आणला. भलताच बोलका.

"बायकोचा राग सोडला तर सगळ्यावर रंग चढवलाय मी," म्हणाला.

त्याने रविवारी कोपरा पुरा केला.

सोमवारी बाईंनी निरोप धाडला. मीही ह्यांच्यासोबत गेले.

कोपरा कोरा होता.

जुनं प्लास्टर. कोरडं, धुळकट. ब्रश कधी लागलाच नसावा असं. खाली अंथरलेल्या कापडावर थेंब नाही... पापुद्रा नाही... बाकीचं आभाळ जिथल्या तिथे.

"रंग लावताय की पावडर?" बाई चिडल्या. "रात्रीत उडून गेला तो!"

रंगाऱ्याने पुन्हा लावला. पुन्हा गेला.

नंतर एका सकाळी तो आमच्या दारात आला. आत काही येईना.

"खोलीत कोणी नव्हतं," म्हणाला. "पण वरून आवाज येत होता. डब्याच्या काठावर ब्रश आपटल्यासारखा. टक टक... मग गप्प... परत टक टक..."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

प्रत्येक फटकाऱ्याआधी ब्रश दोनदा आपटायची सवय भाऊजींची. त्या रंगाऱ्याने भाऊजींना कधी पाहिलेलंही नव्हतं.

तो गेला. राहिलेले ब्रश न्यायलाही आला नाही.

"मी तिथेही फळ्या ठोकतो," हे म्हणाले. "झाकून टाकला की प्रश्न मिटला."

मी म्हटलं, "अहो, मी शब्द दिलाय त्यांना. एकदा कंदील घेऊन येऊ का?"

"कोणासाठी धरणार आहेस?"



त्या दिवशी हे फळ्या घेऊन गेले. संध्याकाळी मी कंदील लावून जपाला बसले.

आधी वास आला...

टर्पेंटाइनचा.

मग पावलं. हे दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, झालं का तुमचं?"

माझ्या हातातली माळ थांबली.

लग्न झाल्यापासून ह्यांनी मला 'अगं' सोडून दुसरी हाक मारलेली नाही. आवाज ह्यांचाच होता. चेहरा ह्यांचाच होता.

माझा नेम चालू होता. मी बोलू शकत नव्हते. ते वाट बघत उभे राहिले... मग वळून मोरीत गेले. नळ वाहिला. थांबला.

"अगं, पाणी दे."

जप संपवून मी पेला पुढे केला. त्यांनी तो डाव्या हाताने घेतला.

"मघाशी दारात काय म्हणालात?"

"मघाशी कधी? आत्ताच तर येतोय."

"फळ्या ठोकल्या?"

त्यांनी पेला खाली ठेवला. "आठवत नाही," म्हणाले.

मला घाबरायला हवं होतं. मी पेला विसळून जागेवर ठेवला.

मग ते रोजच होऊ लागलं. आधी फक्त संध्याकाळी. मग जेवताना. मग सकाळी दाढी करताना, आरशात बघत, डाव्या हाताने. 'अगं' कमी होत गेलं, 'वहिनी' वाढत गेली. झोपायला ते भाऊजींच्या खोलीत जाऊ लागले. मी अडवलं नाही. कोणत्या नात्याने अडवणार होते?

डॉक्टरांना दाखवलं. "धक्का बसलाय, वेळ द्या," म्हणाले. ह्यांनी बाहेर आल्यावर मला विचारलं, "वहिनी, आपण इथे कोणासाठी आलो होतो?"

आणि काल सकाळी...

मी भाजी चिरत होते. हे उंबऱ्यावर बसून ब्रश धूत होते. मान वर न करता म्हणाले,

"वहिनी, दादा कुठे गेलाय? बरेच दिवस दिसला नाही."

विळी बाजूला ठेवून मी ह्यांच्याकडे नीट पाहिलं. कानामागचा तीळ. रंध्याने कापलेल्या अंगठ्यावरचा व्रण. सगळं ह्यांचंच.

"येईल," मी म्हटलं.

"आला की सांगा त्याला. कोपरा तेवढा राहिलाय."

कालपासून एकदाही 'अगं' ऐकलेलं नाही.

आज मी कंदिलाची काच पुसली. तेल भरलं. देवाला सांगितलं, की आजचा जप मी दुसऱ्याच्या घरी, उभ्याने करणार आहे. आजवर हा कंदील मी घराबाहेर नेलेला नाही.

फोनवर लिहायला बसले, कारण नंतर लिहिता येईल की नाही ठाऊक नाही. त्या खोलीत कोपरा अजून उघडाच आहे, छताखाली रंगकामाचा लाकडी घोडाही तसाच उभा आहे. हे त्यावर चढतील. मी दिवा तिरका धरीन. कोपरा पुरा होईल, अशी मला खात्री आहे.

पण खाली कोण उतरेल?

मी हाक मारू शकणार नाही. उतरेपर्यंत बोलायचं नाही, हेही त्या शब्दातच आलं. चुकून हाक मारली, तर कोणत्या नावाने मारू, तेही मला कळत नाही.

ते फाटकाशी उभे आहेत. डाव्या हातात रंगाचा डबा आहे.

"चला वहिनी..."

फोन इथेच ठेवते. कंदील लावलाय. आता मी बोलणार नाही.

चपला घालते आहे.