बावीस सहमत

"संध्याकाळी सहाला मिटिंग. झाड तोडायचा अर्ज पास झाला की ते गेलं," सिद्धेश धापा टाकत म्हणाला. "आणि सेक्रेटरी काका काय वाचून दाखवणार माहितेय? दिशाचं वेबसाइटवरचं पान!"

दिशाचा चेहरा उतरला. मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीत गणपतीपासून घाण वास येत होता. दिशाने कोपऱ्यातल्या झाडाचा फोटो एका वेबसाइटवर टाकला होता. तिथे कुणीही झाड ओळखायचं आणि इतरांनी 'सहमत' दाबायचं. बावीस जण सहमत झाले : जंगली बदाम, फुलांना दुर्गंधी. लगेच सगळ्या काकूंनी दिशाची पाठ थोपटली.

बाजूला उभ्या मृणालिनीला तेव्हा ते बघवलं नव्हतं. तिचे बाबा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. गेल्या वर्षापर्यंत लोक त्यांना विचारायचे. ते गेले, आणि आता सगळे दिशाला विचारत होते. दिशा दोनदा त्यांचं पुस्तक बघायला आली, तेव्हा मृणालिनीने "सापडत नाही" म्हणून सांगितलं होतं.

आज घरी जाऊन तिने ते स्वतःच उघडलं. दिशा चुकलेली असावी, एवढंच तिला हवं होतं. पण पानं, खोड, सगळं जुळत होतं. जंगली बदामच. तिला रडू आलं. मग समासात बाबांचं पेन्सिलीतलं अक्षर दिसलं : 'फुलं फाल्गुनात. नाक धरून जावे.'

आता तर दिवाळीची सुट्टी चालू होती.

गप्प बसलं तर झाड तोडल्याचा दोष दिशाच्या नावावर जाणार होता. मृणालिनीने तो विचार पाच मिनिटं मनात घोळवला. मग ती पुस्तक घेऊन खाली आली.

"सापडलं?" दिशाने विचारलं.

"हरवलंच नव्हतं. वर बघ. एक तरी फूल दिसतंय?"

नुसती पानं होती.

"म्हणजे बावीस जणांतल्या कुणीच वास घेतला नव्हता," दिशा पुटपुटली.

"फोटोक वास येता काय गो?" सिद्धेश म्हणाला. मग पायाखाली बघत थांबला. "ए, इथे गटाराचं झाकण होतं ना? गणपतीआधी सेक्रेटरी काकांनी पेव्हर ब्लॉक बसवले, तेव्हापासून दिसत नाही."

"रांगोळीचा रंग आण," मृणालिनी म्हणाली. "तुमच्या मोरीत ओतू, कुठे वर येतो बघू."

सहाला झाडाखाली मिटिंग भरली. सेक्रेटरी चंद्रप्रकाश काका अर्ज वाचत होते, आणि तळमजल्यावर सिद्धेश त्याच्या घरच्या मोरीत गुलाबी पाण्याच्या बादल्या रिकाम्या करत होता. तिसऱ्या बादलीला काकांच्या बुटांभोवती, ब्लॉकच्या फटींतून, गुलाबी पाणी वर आलं.

"काका, गटार तुंबलंय. झाकण खाली गाडलंय तुम्ही," मृणालिनी म्हणाली आणि तिने पुस्तकातली ओळ वाचून दाखवली.

"ते जरा... राहून गेलं," काका पुटपुटले.

"राहून गेलं? आम्ही दोन महिने नाकाला पदर लावतोय, आणि फाशी झाडाला?" सुहासिनी काकूंनी अर्ज काढून घेतला आणि दिशाला जवळ ओढलं. "हुशार गं पोर!"

मृणालिनीने पुस्तक मिटलं.

"मी नुसतं नाव सांगितलं," दिशा म्हणाली. "फाल्गुन हिच्या बाबांचा, आणि रंगाची युक्ती हिची."

काकूंनी मृणालिनीकडे वळून बघितलं. "त्यांच्यासारखीच खमकी आहेस," त्या म्हणाल्या, जरा हळू.

सगळे पांगल्यावर दिशाने विचारलं, "त्यांची ओळ वेबसाइटच्या पानावर टाकू?"

मृणालिनीने पुस्तक छातीशी धरलं.

"टाइप मी करणार," ती म्हणाली. "तू फक्त सहमत दाब."